साडूचा फोन

साडूचा फोन वाजला की गळतीवाल्याची भूक मरायची. हा शोध त्याच्या बायकोचा. सासूबाईंच्या वाढदिवसाला सगळे एकत्र जेवायला बसले होते तेव्हा तिनं तो स्वतःच्या डोळ्यांनी लावला. पहिला घास तोंडात जातोय न जातोय तोच साडूचा खिसा वाजला. साडू उठून खिडकीपाशी गेला. "बोला रंगारीबुवा! काय म्हणता? तिसऱ्या मजल्यावर? येतो की," असं म्हणत, हसत परत येऊन बसला. दोन घास झाले आणि पुन्हा फोन. या वेळी फरशीवाला. मग कुठल्याशा वसाहतीचा रखवालदार. मग कुणी सुतार, त्याच्या मुलीला नोकरी लागली म्हणून नुसतंच सांगायला. साडू प्रत्येकाशी असा बोलायचा जणू सकाळपासून त्याच्याच फोनची वाट बघत होता.

गळतीवाल्याचा फोनही ताटाशेजारीच होता आणि तोही सारखा उजळत होता. फरक एवढाच की साडूच्या फोनवर कामं येत होती आणि याच्या फोनवर अंगठे. कुणी कुठून तरी अंगठा वर केला, कुणी टाळ्या वाजवणारे हात धाडले, कुणी लिहिलं, "सर, तुमच्यासारखा माणूस नाही." हे लिहिणारा विमानानं यावं लागेल इतक्या लांब राहत होता. त्याच्या घरात पाणी गळत असलं तरी तिथं जाऊन ते थांबवणं काही शक्य नव्हतं. गळतीवाल्यानं ताट बाजूला सारलं. "पोट भरलं," म्हणाला. बायकोनं एकदा त्याच्याकडे, एकदा साडूकडे पाहिलं आणि काय ते समजली.

गळतीवाला म्हणजे घरातलं गळणारं पाणी शोधून ते बंद करणारा माणूस. ऐकायला सोपं वाटतं. पण पाणी फार लबाड असतं. झिरपतं वरच्या मजल्याच्या बाथरूममध्ये आणि डाग पडतो खालच्याच्या बैठकीत, तोही तिसऱ्याच भिंतीवर. गळतीवाला डागाकडे बघायचाच नाही. तो भिंतीला तळहात लावायचा, बोटाच्या पेरानं टकटक करायचा, ओल मोजायचं मीटर दोन-चार ठिकाणी टेकवायचा आणि म्हणायचा, "इथलं फोडू नका. पलीकडच्या खोलीत चला." आणि तिथंच निघायचं. या धंद्यात आपल्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही असं त्याचं स्वतःबद्दलचं मत होतं. मत खरंही होतं. म्हणून तर एवढी आग होत होती.

कारण साडूला हा धंदा त्यानंच शिकवला होता.

साडू मूळचा बुटांच्या दुकानातला. आयुष्यातली चांगली वर्षं त्यानं गिऱ्हाइकांच्या पायाशी उकिडवं बसून, वर बघत, "चावतोय का हो?" विचारण्यात घालवली. दुकान बंद पडलं तेव्हा सासूबाईंनी धाकट्या जावयाकडे शब्द टाकला, की थोरल्याला जरा हाताशी घ्या. यानं घेतलं. शिकवलं. साडू शिकायला मंद होता. ओलं कशाला म्हणायचं आणि दमट कशाला, हे कळायलाच त्याला एक अख्खा उन्हाळा लागला. फरशीखाली लेप देताना पहिला हात निळा द्यायचा आणि दुसरा राखाडी, म्हणजे कुठं सुटलं ते लगेच दिसतं, ही गळतीवाल्याची स्वतःची युक्ती होती. तीही त्यानं मोकळ्या मनानं दिली. साडू तेव्हापासून त्याला 'मास्तर' म्हणायचा. पुढं साडूनं वेगळी चूल मांडली, टेम्पो घेतला, दोन माणसं ठेवली, मग आणखी दोन, पण 'मास्तर' म्हणणं काही सोडलं नाही. आणि दरवेळी तो शब्द ऐकला की गळतीवाल्याला आपली कुणी थट्टा करतंय असं वाटायचं.

साडूची कामं वाढत गेली आणि याची घटत गेली. असं का होतं यावर गळतीवाल्यानं पुष्कळ विचार केला आणि शेवटी उत्तर काढलं, की जमाना बदललाय. आता माणूस पाहिजे असला तर लोक मोबाईलमध्ये शोधतात. साडूला मोबाईलमधलं ओ की ठो कळत नाही. मोबाईलमधल्या त्याच्या पानावर एकच फोटो होता, तोही चुकून निघालेला स्वतःच्या गुडघ्याचा. मैदान मोकळं आहे. आपण व्हिडिओ काढायचे.

व्हिडिओत काही कमी ठेवली नाही त्यानं. दिवा आणला, तिपाई आणली, शर्टाला लावायचा माईक आणला. रविवारी बायको मोबाईल धरायची आणि हा एखाद्या बाथरूममध्ये उभा राहून "तर मंडळी" अशी सुरुवात करायचा. पहिले व्हिडिओ चांगले होते, म्हणजे उपयोगाचे होते. जाळीभोवती लेप कसा द्यावा, पाणी भरून फरशी कशी तपासावी. ते कुणी बघितले नाहीत. बघणाऱ्यांत एक त्याचा मेहुणा होता आणि एक तो स्वतः.

मग एके दिवशी एक भिंत फोडली आणि आत नळाचा एक जोड सापडला. जोडावर पांढरी टेप उलटी गुंडाळलेली. अशी टेप जोड पिळताना सुटत जाते आणि मग थेंब थेंब पाणी झिरपतं. गळतीवाल्याला हसू आवरेना. अशी टेप गुंडाळणारा प्लंबर सगळ्या शहरात एकच, डावखुरा. त्याला सगळे डावखुराच म्हणायचे. गळतीवाल्यानं बायकोला मोबाईल जवळ न्यायला सांगितला. "तर मंडळी," तो म्हणाला, "हा पराक्रम कुणाचा ते मी सांगणार नाही. आपण कुणाचं नाव घेत नाही. पण ज्यानं केलंय त्यानं उजव्या हाताला थोडी सवय लावून घ्यावी, एवढंच." आणि डोळा मारला.

तो व्हिडिओ इतक्या लोकांनी बघितला की गळतीवाल्याला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्याची फजिती बघायला कुणाला आवडत नाही? मग त्याला चटकच लागली. भिंत फोडायची, आधीच्या कारागिराची चूक शोधायची, तिच्यावर बोट ठेवायचं. फरशीवाल्यानं पोकळ सोडलेली फरशी. रंगाऱ्यानं ओलीवर मारलेला रंग. सुतारानं नळात ठोकलेला खिळा. नाव कुणाचं नाही, पण धंद्यातली माणसं एकमेकांचे हात ओळखतात. आपण जगाला सत्य दाखवतोय असं गळतीवाल्याला वाटत होतं. हा आपली अब्रू वेशीवर टांगतोय असं त्यांना वाटत होतं.

अंगठे वाढत गेले. कामं आणखी घटली. त्याच्याकडचा एक कामगार सोडून गेला, आणि कुठं गेला असेल? साडूकडे. एकदा रस्त्यात गळतीवाल्याला साडूचा टेम्पो उभा दिसला. तो गाडीवरून उतरला आणि टेम्पोला एक फेरी मारून आला. नवी चाकं होती. काचेत डोकावून बघितलं तर पुढच्या सीटवर एक मोठा थर्मास आणि कागदी पेल्यांची चळत. लाज वाटेल असं काही सापडलं नाही म्हणून तो उलट जास्तच चिडला.

"भाऊजींना एक जाणता माणूस पाहिजेय म्हणे," बायको एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही. ताई म्हणत होती."

"हाताखाली?"

"हाताखाली कशाला? सोबत."

"मी त्याला ओलं आणि दमट शिकवलं," गळतीवाला म्हणाला. "मी त्याच्या टेम्पोत मागं बसून जाऊ? पोती धरून?"

"ओरडू नका. आपल्या गोदामाचा मालक थकलेलं भाडं मागून गेला सकाळी. एवढंच सांगायचं होतं मला."

तेव्हा गळतीवाल्यानं मनाशी ठरवलं. चार इमारतींच्या एका वसाहतीचं मोठं काम निघालं होतं. सगळ्या इमारतींची बाथरूम गळत होती. वसाहतीचे सचिव त्याचे व्हिडिओ बघायचे आणि त्यांनी आपणहून फोन केला होता. हे काम मिळालं तर गोदाम राहील, उरलेला कामगार राहील, मान वर राहील. नाही मिळालं तर गुमान साडूच्या टेम्पोत बसायचं. बायकोला त्यानं तसं सांगितलंही. सांगताना त्याची खात्री होती की काम मिळणारच.

आणि पाहणी त्यानं अशी केली की सचिव तोंडात बोट घालून बघत राहिले. एकही फरशी न फोडता त्यानं कुठल्या घराचं पाणी कुठं जातंय ते सांगितलं. खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "अहो, हे तर डॉक्टरसारखे आहेत." तो घरी आला तो शीळ घालतच.

चार दिवसांनी सचिवांचा फोन आला. आवाज पडलेला. "तुमच्याबद्दल प्रश्नच नाही हो," ते म्हणाले. "पण आम्ही आमच्या प्लंबरला विचारलं. इथलं सगळं तोच बघतो ना. तो म्हणाला, माणूस हुशार आहे, पण तो येणार असेल तर मी नळाला हात लावणार नाही. रंगारीही तेच म्हणाला. मग आम्ही काय करणार?"

"तुमचा प्लंबर कोण?" गळतीवाल्यानं विचारलं. विचारण्याआधीच त्याला उत्तर ठाऊक होतं.

"तो हो, डावखुरा. त्यानं दुसरं नाव सुचवलं." आणि सचिवांनी साडूचं नाव घेतलं. "तुमचे व्हिडिओ मात्र मी सोडत नाही हं. कालचा तर फारच मजेशीर होता."

गळतीवाल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. राग डावखुऱ्याचा यायला हवा होता, पण आला साडूचा. आपल्या ताटातलं काढून कुणी शेजारच्याच्या ताटात वाढावं आणि शेजाऱ्यानं मुकाट्यानं खावं, तसं त्याला वाटलं. यानं नक्की डावखुऱ्याचे हात ओले केले असणार. नाहीतर ज्याला डागाच्या मागं पळण्यापलीकडे काही येत नाही त्याला चार इमारती कशा मिळतील? तो घरभर येरझाऱ्या घालत बडबडत होता. बायकोनं बराच वेळ ऐकून घेतलं.

"भाऊजी डावखुऱ्याच्या आईच्या आजारपणात दवाखान्यात बसले होते," ती शेवटी म्हणाली.

"म्हणजे हेच! लाच द्यायची दुसरी तऱ्हा!"

"तुम्ही बसला असतात तर?"

"मला कोण बोलावतंय?" गळतीवाला म्हणाला आणि ते इतकं खरं होतं की तो येरझाऱ्या सोडून खाली बसला.

वसाहतीचं काम सुरू झालं. गळतीवाला रोज काही ना काही निमित्त काढून त्या रस्त्यानं जायचा. साडूचा टेम्पो, साडूची माणसं, साडूच्या थर्मासमधला चहा पिणारा डावखुरा, सगळं डोळ्यांत खुपायचं. गोदाम सोडायचं ठरलं होतं. साडूकडे कधीपासून जायचं एवढंच ठरायचं बाकी होतं. ते तो आजचं उद्यावर ढकलत होता.

आणि एका दुपारी साडूचा फोन आला. नाव बघूनच याच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"मास्तर, कुठं आहेस? जरा वसाहतीत ये. दुसरी इमारत, चौथा मजला. मीटर नको. ब्रश आण, आणि लेपाचं सामान."

"काय झालं?"

"ये तर. पण लगेच ये. बाई पाचला घरी येतात."

गळतीवाल्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. अडला! कुठं तरी अडला आणि शेवटी मास्तरांची आठवण झाली. गाडीवरून जाताना त्यानं तिथं गेल्यावर काय बोलायचं ते ठरवून टाकलं. आधी काही बोलायचंच नाही. नुसतं बघायचं, मान हलवायची, आणि मग हळूच म्हणायचं, "हे मी तुम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, साडूभाऊ."

साडूनं दार उघडलं, त्याला आत घेतलं आणि दार लावून कडी घातली. घरात दुसरं कुणी नव्हतं. साडूनं आपली माणसंही खाली पाठवली होती. बाथरूमच्या फरश्या काढून भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या आणि खालचा जुना लेप उघडा पडला होता. राखाडी थर जिथं खरवडला होता तिथं खालून निळा दिसत होता.

गळतीवाला त्या निळ्याकडे बघतच राहिला. असा निळा हात शहरात दोघंच देत होते. आणि साडू या घरात आजच पहिल्यांदा आला होता.

मग त्याला आठवलं. पाहणीच्या दिवशी हे घर बंद होतं, म्हणून तेव्हा लक्षात आलं नव्हतं. घराचे आधीचे मालक एक उंच गृहस्थ होते, सारखे घड्याळ बघणारे. काम घाईचं होतं. त्यानंच केलं होतं, कितीतरी वर्षांपूर्वी. बाथरूमचं दार आत उघडायचं. ते उघडं ठेवून, काढून न ठेवता, तो ब्रश मारत गेला होता. सगळीकडे निळा पोहोचला होता, फक्त उघड्या दाराच्या मागं जो कोपरा राहतो तिथं नव्हता. तिथं नुसता सिमेंटचा पट्टा होता, हाताच्या पंजाएवढा. इतकी वर्षं त्या पंजाएवढ्या जागेतून पाणी खाली जात होतं आणि खालच्या मजल्यावरच्या कपाटात बुरशी धरत होती.

त्यानं पहिली गोष्ट काय केली असेल? त्यानं वर बघितलं. मग खिडकीच्या कट्ट्यावर, मग साबणाच्या फळीवर, मग आरशाच्या मागं. तो मोबाईल शोधत होता. कारण साडूच्या जागी तो स्वतः असता तर त्यानं तो लावला असता, दिवा आणि तिपाईसकट. फळीवर साबण होता आणि एक कंगवा. बाकी काही नव्हतं.

"कुणाकुणाला सांगितलंत?" त्यानं विचारलं.

"काय?"

"हेच. माझं."

"कुणाला काय सांगायचंय?" साडू उकिडवा बसत म्हणाला. "बस ना. तुझं काम आहे, तूच बंद कर. मला तसा कोपरा जमत नाही, तुला ठाऊकच आहे."

"सगळ्यांना असंच बोलावता?"

"मग? डावखुऱ्याला तर येता-जाता बोलवावं लागतं. किती सांगितलं त्याला, टेप उलटी होते रे बाबा तुझी. ऐकतो, पुन्हा तेच. मग मी फोन करतो, ये, तुझा जोड झिरपतोय. तो येतो, पिळतो, जातो."

"आणि मालकाला काय सांगता?"

"पाणी जोडातून येत होतं, थांबवलं, असं सांगतो. खोटं आहे का त्यात काही?"

खोटं त्यात काही नव्हतं. गळतीवाला खाली बसला. त्यानं ब्रश काढला, मग परत ठेवला, आणि आधी दार बिजागऱ्यांतून काढून बाहेर नेऊन ठेवलं. साडू लेप ढवळत बसला. डावखुऱ्याच्या आईची तब्येत, कुणाच्या मुलाचं लग्न, कुणाची दाढ, असं तो बोलत राहिला. गळतीवाल्याला लाज वाटत होती. अगदी कान तापण्याइतकी लाज. पण लाजेच्या खाली दुसरंच काही जळत होतं आणि ते लाजेपेक्षा जुनं होतं. या माणसाला ओलं आणि दमट कळत नाही. मग हे त्याला कुठून कळलं? हे याला कुणी शिकवलं नव्हतं. आपल्यालाही कुणी शिकवलं नव्हतं. याला सुचलं आणि आपल्याला नाही. टेम्पोबद्दल त्यानं साडूला माफ केलं असतं, चार इमारतींबद्दलही कदाचित. याबद्दल करणं कठीण होतं.

बाई पाचच्या आधीच आल्या. त्या दातांच्या डॉक्टर होत्या. कडी काढायला साडू गेला आणि गळतीवाला हातात निळा ब्रश घेऊन कोपऱ्यात तसाच बसून राहिला. आता पळायला जागा नव्हती. बाईंनी बाथरूममध्ये डोकावलं, त्याच्याकडे नीट बघितलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"तुम्ही ते 'तर मंडळी' ना?"

"हो," गळतीवाला म्हणाला.

"अगंबाई! मी सगळे व्हिडिओ बघते तुमचे. जेवताना लावते. तुम्ही इथं कसे?"

गळतीवाल्यानं निळ्याकडे बघितलं.

"हे आमचे मास्तर," साडू मागून म्हणाला. "मी यांच्याकडेच शिकलो. हा कोपरा अवघड होता, माझ्या आवाक्यातला नव्हता, म्हणून बोलावलं."

"यांना मी कधीचं बोलावणार होते," बाई म्हणाल्या. "आमच्या दवाखान्याची अख्खी इमारत गळते."

"मग बोलावलं का नाही?" गळतीवाल्याच्या तोंडून निघून गेलं.

बाई हसल्या, जराशा ओशाळल्या. "भीती वाटायची हो. तुम्ही आमचं बाथरूम सगळ्या जगाला दाखवलं असतं तर? माझे पेशंटही बघतात तुमचे व्हिडिओ." मग त्यांनी साडूकडे बघितलं. "पण हे म्हणतायत म्हणजे प्रश्नच मिटला. काम तुमचंच. उद्या येता का बघायला? फक्त ते मोबाईल वगैरे नको."

"नाही आणणार," गळतीवाला म्हणाला.

तो घरी आला तेव्हा बायको दारातच उभी होती. उशीर झाला होता आणि अंगावर निळे डाग होते. त्यानं सांगितलं, दवाखान्याची इमारत मिळाली. अख्खी. गोदाम सोडायचं नाही. ती आधी खुर्चीवर बसली, मग उठली, मग परत बसली.

"कुणामुळे मिळाली?"

"व्हिडिओ बघते ती बाई," तो म्हणाला. "सगळे बघितलेत म्हणाली. जेवताना लावते."

यातही खोटं काही नव्हतं. ही तऱ्हा तो आजच शिकून आला होता.

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी रविवार तिनं हात भरून येईपर्यंत तो मोबाईल धरला होता. तिनं तोच मोबाईल उचलला आणि तो नको म्हणायच्या आत ताईला लावला, तोही स्पीकरवर. "ताई, भाऊजी आहेत का गं? त्यांनाही ऐकू दे. यांना दवाखान्याची अख्खी इमारत मिळाली. व्हिडिओमुळे! आता बोला म्हणावं. भाऊजी म्हणायचे ना, व्हिडिओनं काही होत नाही म्हणून?"

पलीकडून साडूचा आवाज आला, मोठा आणि हसरा. "मी? मी कधी म्हणालो? उलट मीच सांगतो सगळ्यांना, मास्तरच्या व्हिडिओत दम आहे. अभिनंदन रे मास्तर! पार्टी पाहिजे."

"ऐकलंत?" बायको म्हणाली.

ऐकलं होतं. एकाच दिवसात दुसऱ्यांदा या माणसानं त्याला झाकलं होतं, आणि तेही इतक्या सहज, की जणू खिशातून रुमाल काढावा. काम त्याचं, मोठेपण त्याचं, आणि आता हे खोटंसुद्धा त्याचंच चांगलं! सगळंच एकट्यानं न्यायचं म्हणजे काय? गळतीवाल्याच्या डोक्यात काही तरी तटकन तुटलं.

"खोटं बोलतायत ते!" तो मोबाईलवर ओरडला. "काम त्यांनी दिलंय. त्या वसाहतीत माझंच जुनं काम गळत होतं. दारामागचा कोपरा मी सोडला होता, मी! त्यांनी मला गुपचूप बोलावलं, माझ्याच हातून नीट करून घेतलं, आणि वर त्या बाईसमोर मला मास्तर म्हणाले. त्यांचा शब्द म्हणून मिळालंय काम. व्हिडिओ बघून ती वर्षभर घाबरून बसली होती. आता घ्या श्रेय आणि मोकळे व्हा. पण माझ्यासमोर असं चोरून मोठं व्हायचं नाही, सांगून ठेवतो!"

बायको त्याच्याकडे बघत होती. मोबाईलमधून आधी ताईचा आवाज आला, नवऱ्याकडे वळून विचारलेला. "अहो, खरं का हे? मला नाही बोललात काही."

साडूनं स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नव्हतं. आता मात्र दोन्ही घरांना कळलं होतं, उद्या सासूबाईंनाही कळणार होतं, आणि सांगितलं कुणी तर गळतीवाल्यानं, गळा फाडून.

"अरे मास्तर... तू पण ना... म्हणजे आता..." साडू म्हणाला आणि पुढं त्याला शब्दच सापडेनात. रंगाऱ्यापासून रखवालदारापर्यंत सगळ्यांशी बोलणारा तो माणूस नुसता घसा खाकरत राहिला. गळतीवाला मोबाईलकडे बघत ते ऐकत होता, आणि एवढं सगळं होऊनही त्याला त्याचा थोडासा आनंद झाला.